जुन्या गाण्याला नवी फोडणी : चव वाढते की जाते?

रायपूरची गणेश विसर्जनाची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचं वर्णन सांगायला नको. शारदा चौक, जयस्तंभ, मालवीय रोड करत झाँक्या रात्रभर सरकत असतात आणि खारून नदीवरच्या महादेव घाटाची वाट धरतात. कुठे धुमाल वाजतो आहे, कुठे डीजेच्या भिंती उभ्या आहेत. अशा गोंगाटात एखादं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं ओळखीचं गाणं सुरू होतं. कडेला उभे असलेले काका मान डोलवायला लागतात. दोन ओळी होतात न होतात तोच त्या गाण्याच्या पोटात धडाम् धडाम् असा ठोका सुरू होतो, पोरं उसळतात आणि काकांच्या कपाळावर आठी चढते. ‘अरे, मूळ गाणं ऐका एकदा!’ असं ते म्हणतात. ऐकतंय कोण?

हे भांडण रस्त्यावरच होतं असं नाही, घराघरांत होतं. वडिलांनी जपून ठेवलेल्या कॅसेट आणि मुलाच्या मोबाइलमधलं ‘रिमिक्स’ यांचं काही जमत नाही. वडील म्हणतात, सोन्याची माती केली. मुलगा म्हणतो, बाबा, तुमच्या गाण्यात आवाजच नीट येत नव्हता, आता कुठे येतोय. गंमत म्हणजे या वादात मुलाचं म्हणणं कधी कधी अगदी बरोबर असतं. पण ते केव्हा बरोबर असतं आणि केव्हा साफ चूक, हे ठरवायचं तर ते गाणं पहिल्यांदा मुद्रित कसं झालं होतं हे विचारावं लागतं. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

रायपूरचं गाणं दिल्लीच्या गल्लीत

सुरुवात रायपूरपासूनच करू. २ ऑक्टोबर १९६३ रोजी इथे आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं आणि छत्तीसगढी लोकगीतांना गावाबाहेरचे कान मिळाले. १९७०च्या दशकात या केंद्रावरून रमा, रेखा आणि प्रभा या जोशी भगिनींच्या आवाजातलं ‘सास गारी देवे’ हे गाणं घराघरांत पोचलं. सासरी नांदणाऱ्या मुलीची लटकी तक्रार, असा त्याचा साधा विषय. रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांच्या नाट्यमंडळींमुळेही छत्तीसगढी गाण्यांना त्याच काळात देशभरचे रंगमंच दिसत होते.

२००९ मध्ये राकेश ओमप्रकाश मेहरा यांचा ‘दिल्ली-६’ चित्रपट आला आणि त्यातल्या ‘गेंदा फूल’ने सारा देश डोलायला लागला. छत्तीसगडातल्या श्रोत्यांनी मात्र लगेच ओळखलं की हे आपलंच गाणं आहे. चित्रपटाचं संगीत ए. आर. रहमान यांचं, शब्द प्रसून जोशींचे. रेखा भारद्वाज यांना या गाण्यासाठी २०१०चा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘इकतारा’ गाणाऱ्या कविता सेठ त्याच्या वाटेकरी होत्या.

मग गाणं सुधारलं की बिघडलं? माझ्या मते चित्रपटातलं गाणं उत्तम आहे. खालून येणारा दमदार ठोका आणि वर बायकांचे आवाज हे मिश्रण पायांना गप्प बसू देत नाही. पण जोशी भगिनींचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकलं तर गाणं ओसरीवर बसून म्हटल्यासारखं वाटतं. तक्रार करणारी पोर समोरच बसली आहे, असा भास होतो. चित्रपटात तिची तक्रार मागे पडून समारंभ पुढे येतो. म्हणजे हे दुसरंच गाणं झालं. जुन्या ध्वनिफितीला इथे कुणी हात लावला नाही, सगळं नव्याने गायलं आणि वाजवलं गेलं. अशा गाण्याला मुळापेक्षा ‘सुधारलेलं’ म्हणणं आईला ‘मुलीची जुनी आवृत्ती’ म्हणण्यासारखं आहे.

तीन वेगळ्या गोष्टी

आपण ‘रिमिक्स’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या कामांसाठी वापरतो आणि तिथेच गोंधळ होतो.

‘दिल्ली-६’मध्ये झालं ते पुनर्निर्माण, म्हणजे रिमेक. आपल्याकडचं त्याचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ साली आलं. पं. जितेंद्र अभिषेकींच्या चाली आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब यांनी ते अजरामर केलं. २०१५च्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांनी काही नवी गाणी केली, पण ‘घेई छंद मकरंद’सारखी अभिषेकींची पदं नव्या वाद्यमेळात तशीच राखली. गायला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे होते. ज्यांनी नाटक कधी पाहिलं नव्हतं, अशी कॉलेजमधली मुलं ती पदं गुणगुणायला लागली. जुन्या तबकड्या काही त्यामुळे कुणी फेकून दिल्या नाहीत.

दुसरं काम रीमास्टरचं. इथे गाण्याच्या घडणीला हात लावत नाहीत. जुन्या फितीवरची खरखर कमी करायची, उंच आणि खालचे स्वर थोडे सावरायचे, एवढंच. जुना फोटो पुसून नव्या चौकटीत बसवावा तसं.

तिसरं काम हे खरं रिमिक्स. गायकाचा आवाज, गिटार, ढोल, बासरी हे सगळं फितीवर वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केलेलं असेल तर ते पट्टे पुन्हा सुटे घ्यायचे आणि कोणता किती मोठा, कोणता डावीकडे, कोणता उजवीकडे हे नव्याने ठरवायचं. स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्यायचं तर भात, वरण, भाजी वेगवेगळ्या पातेल्यांत असेल तर ताट पुन्हा वाढता येतं. पण एकदा खिचडी झाली की त्यातली डाळ वेगळी कशी काढणार?

आपल्या जुन्या गाण्यांची नेमकी हीच अडचण होती. ती खिचडी होती. अतिशय चविष्ट, पण खिचडी.

कलकत्त्याहून रेल्वेने आलेलं यंत्र

हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या सुवर्णकाळात गायिका, कोरस, व्हायोलिनवाल्यांचा ताफा, ढोलक, बासरी असे सगळे एकाच वेळी वाजवत आणि गात. ध्वनिमुद्रक काचेपलीकडे बसून तिथल्या तिथे पातळ्या जुळवी. कुणी चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. बासरीवाला माइकच्या किती जवळ उभा राहील, हेसुद्धा आधी ठरलेलं असे. म्हणजे मिश्रण स्टुडिओच्या हवेतच होऊन जाई आणि फितीवर उतरे ते तयार गाणं.

आपल्याकडे यंत्रसामग्री किती तुटपुंजी होती, याचा एक मजेदार दाखला आहे. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला होता. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्याला आपल्या वादकांना घेऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत काम करायचं होतं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ अशी मंडळी त्यात होती. मुंबईत होतं फक्त मोनो यंत्र. तेव्हा कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन पट्ट्यांचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईत आणलं! हॅरिसननेच पुढे ही आठवण सांगितली आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत गायकमंडळींपैकी एकासाठी ही धावपळ, मग रोजच्या ध्वनिमुद्रणांना सुटे पट्टे कुठून मिळणार?

त्यामुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅसेट कंपन्यांना जुन्या गाण्यांना ‘आधुनिक’ करायचं सुचलं, तेव्हा त्यांच्यापुढे एकच वाट होती. शिजलेल्या खिचडीवर वरून फोडणी ओतायची. तेच ते ‘झंकार बीट्स’. लताबाईंचा आवाज तसाच, व्हायोलिनही तशीच आणि त्यावर यंत्रातून काढलेला चकचक आवाज पहिल्या सेकंदापासून शेवटापर्यंत. टॅक्सीत, रिक्षात, पानाच्या गादीवर ती कॅसेट खपली, कारण रस्त्याच्या गोंगाटात गाण्याचा नाजूक भाग ऐकूच येत नाही, ठोका तेवढा येतो. खपण्याचं हे कारण समजण्यासारखं आहे. पण मूळ तालवादकाने जिथे मुद्दाम हात आखडता घेतला होता, त्या जागाही या चकचकाटाने भरून टाकल्या. जुन्या गाण्यांमधल्या शांत जागा गेल्या. मला विचाराल तर झंकार बीट्सने एकही गाणं सुधारलेलं नाही.

पुढे २००२ मध्ये ‘काँटा लगा’ आलं. मूळ गाणं १९७२च्या ‘समाधी’तलं, राहुलदेव बर्मन यांच्या चालीचं, लताबाईंच्या आवाजातलं. नव्या गाण्याची चर्चा गाण्यापेक्षा त्याच्या चित्रफितीचीच जास्त झाली. अशा गाण्यांची लाट इतकी वाढली की २०१८ मध्ये लता मंगेशकरांनी या विषयावर जाहीरपणे लिहिलं. जुनं गाणं नव्याने करायला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. गाण्याची मोडतोड आणि मूळ गीतकार-संगीतकारांचा विसर या दोन गोष्टी त्यांना खुपत होत्या.

एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगीत होऊन परत आला, तेव्हा त्याचा आवाजही नव्या पद्धतीच्या सिनेमागृहांसाठी तयार करायचा होता. ऐंशी ओलांडलेले नौशाद तेव्हा हयात होते. गायकांचे मूळ आवाज कायम ठेवून वाद्यमेळ नव्याने वाजवून घेतला गेला आणि त्यावर नजर होती खुद्द नौशादांची. १९६० साली आपल्याला काय हवं होतं, हे सांगणारा माणूसच तिथे बसलेला होता!

चार पट्ट्यांची करामत

आता लंडनला जाऊ. खऱ्या अर्थाने रिमिक्सचा वाद पेटला तो तिथल्या रॉक संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून. हे संगीत आपल्या घरात फारसं वाजत नसेल, पण खिचडी आणि सुटं ताट यांतला फरक तिथे लख्ख दिसतो.

बीटल्सची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ची. ती मुद्रित झाली चार पट्ट्यांच्या यंत्रावर. चार पट्टे भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीच्या एका पट्ट्यावर उतरवायचे आणि उरलेल्या तीन पट्ट्यांवर आणखी वाद्यं भरायची, अशी युक्ती होती. प्रत्येक उतारणीत आवाज थोडा मळायचा. प्रतीची प्रत काढल्यावर झेरॉक्स धूसर होते ना, तसं. शिवाय त्या काळी बहुतेकांकडे मोनो रेकॉर्डप्लेयर. म्हणून बीटल्सनी मोनो मिश्रणावर जातीने मेहनत घेतली. स्टिरिओ मिश्रण मात्र त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या दिवसांत उरकलं गेलं. पुढच्या पिढ्यांनी नेमकं हे उरकलेलंच ऐकलं.

२०१७ मध्ये, पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा, मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी उतारणीच्या आधीच्या पहिल्या फिती बाहेर काढल्या, त्या संगणकावर एकमेकींशी जुळवल्या आणि नवं स्टिरिओ मिश्रण केलं. मार्गदर्शक म्हणून समोर ठेवलं ते जुनं मोनो. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणं जुन्या स्टिरिओत मोनोपेक्षा संथ आणि खालच्या सुरात वाजायचं. ते २०१७ मध्ये पुन्हा मोनोच्या गतीने आलं. इथे ‘नवं’ मिश्रण जुन्या स्टिरिओपेक्षा मूळ हेतूच्या जास्त जवळ गेलं. मघाच्या मुलाचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं.

असंच दुसरं उदाहरण ‘जेथ्रो टल’ या मंडळींच्या ‘अ‍ॅक्वालंग’चं. १९७१ साली लंडनच्या एका नव्या कोऱ्या स्टुडिओत हे काम झालं. स्टुडिओची घडी बसलेली नव्हती आणि आवाज कोंदट उतरला. गाणी गाजली, पण हा दोष चाहतेसुद्धा कबूल करत. २०११ मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने मूळ पट्ट्यांवरून नवं मिश्रण केलं आणि खोलीच्या बंद खिडक्या उघडल्यासारखं झालं. विल्सनची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. काम करताना तो जुनं मिश्रण पुन:पुन्हा ऐकतो, त्यात जे जिथे होतं ते तिथेच ठेवण्याचा प्रयत्न करतो. अशा संचांमध्ये बहुधा जुनं मिश्रणही सोबत दिलेलं असतं. ज्याला जे आवडेल ते त्याने ऐकावं.

झंकार बीट्स काही आपलीच मक्तेदारी नाही

गोऱ्या साहेबाने सगळं शहाणपणाने केलं असं मात्र समजू नका. बीटल्सचंच ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ घ्या. १९६९ मध्ये साधेपणाने मुद्रित झालेल्या या गाण्यावर १९७०मध्ये फिल स्पेक्टर या निर्मात्याने अख्खा वाद्यवृंद आणि बायकांचा कोरस चढवला. गाणं लिहिणारा पॉल मॅकार्टनी भयंकर संतापला. २००३ मध्ये ‘लेट इट बी... नेकेड’ या नावाने तो सगळा साज उतरवून गाणी पुन्हा काढण्यात आली. गंमत अशी की तोपर्यंत तेहतीस वर्षं जगाने साजासकटच ते गाणं ऐकलं होतं आणि अनेकांना आता तेच मूळ वाटत होतं! मूळ कशाला म्हणायचं, हासुद्धा प्रश्न सरळ नाही.

टेक्सासच्या ‘झी झी टॉप’ या त्रिकुटाची गोष्ट तर हुबेहूब आपल्यासारखी. १९८३ मध्ये त्यांची ‘एलिमिनेटर’ यंत्रासारख्या घट्ट ठोक्यामुळे तुफान खपली. मग १९८७ मध्ये त्यांच्या आधीच्या, मातीचा वास असलेल्या ध्वनिमुद्रिका सीडीवर आणताना ढोलांना तसाच चकचकीत आवाज देण्यात आला. इतपर्यंत ठीक, पण दुकानात दुसरं काही मिळेचना. १९७३च्या ‘ट्रेस ओम्ब्रेस’चं मूळ मिश्रण सीडीवर यायला २००६ उजाडलं. जवळपास वीस वर्षं सीडी विकत घेणाऱ्याला मूळ गाणं ऐकायची सोयच नव्हती.

माझी खरी तक्रार इथे आहे. एखादं रिमिक्स वाईट निघालं तर निघू दे, दोन महिन्यांत लोक विसरतात. पण नवीन प्रत जुनीची जागा घेते आणि जुनी कपाटात बंद होते, तेव्हा ते गाणं पुढच्या पिढीपुरतं बदलूनच जातं.

घरच्या घरी करून पाहण्याची परीक्षा

आपल्या कानाची एक खोड आहे. तेच गाणं जरा मोठ्या आवाजात लावलं की ते ‘जास्त चांगलं’ वाटतं. कंपन्यांना ही खोड पक्की ठाऊक आहे. १९९०च्या दशकापासून नव्या प्रती जुन्यांपेक्षा मोठ्या आवाजाच्या करण्याची चढाओढ लागली. त्यासाठी गाण्यातले हळू आवाज वर ओढायचे आणि मोठे आवाज दाबायचे. पहिल्यांदा ऐकताना छाती दडपते, तासाभराने डोकं दुखतं. २००८ मध्ये ‘मेटालिका’च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ची अशी अवस्था झाली की चाहत्यांनीच सह्यांची मोहीम काढून नव्या मिश्रणाची मागणी केली. संगणकावरच्या एका खेळात तीच गाणी अधिक मोकळी वाजत होती, म्हणून लोकांना फरक कळला.

तेव्हा पुढच्या वेळी मुलगा ‘हे ऐका, किती क्लीअर आहे’ म्हणाला की नव्या प्रतीचा आवाज हळूहळू कमी करा. दोन्हींमधल्या गायकाचा आवाज कानाला सारखाच मोठा वाटेल तिथे थांबा. मग आलटून पालटून ऐका. गायकाचा श्वास कुठे ऐकू येतो? शब्द कुठे कळतात? हळू ओळ खरंच हळू राहिली आहे का? या परीक्षेत निम्मी ‘सुधारणा’ जागच्या जागी विरून जाते. उरते ती खरी. आणि हेडफोन लावून जुन्या स्टिरिओत गायक एका कानात, वाद्यं दुसऱ्या कानात असा विचित्र प्रकार आढळला तर तो जुन्या मिश्रणाचा दोष समजा. तिथे नव्याला गुण द्यायलाच हवेत.

खिचडीतून डाळ वेगळी निघाली!

आणि आता मघाचं उदाहरण मोडीत काढणारी बातमी. खिचडीतली डाळ आता खरोखरच वेगळी काढता येते.

बीटल्सच्या १९६६च्या ‘रिव्हॉल्वर’मध्ये ढोल, बास आणि गिटार काही गाण्यांत एकाच पट्ट्यावर होते, म्हणून तिचं रिमिक्स अशक्य मानलं जाई. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या तंत्रज्ञांनी प्रत्येक वाद्याचा आवाज ओळखून तो सुटा करणारं संगणकीय तंत्र तयार केलं आणि २०२२ मध्ये ‘रिव्हॉल्वर’चंही नवं मिश्रण आलं. २०२३ मध्ये त्याच तंत्राने १९८० साली मारल्या गेलेल्या जॉन लेननचा आवाज घरगुती कॅसेटवरच्या पियानोपासून वेगळा करून ‘नाऊ अँड देन’ हे गाणं पूर्ण करण्यात आलं. २०२५ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं.

असं काम करणारी साधी अ‍ॅप्स आज कुणाच्याही मोबाइलवर चालतात. म्हणजे पन्नासच्या दशकातलं मोनो भावगीत घेऊन गायकाचा आवाज एकीकडे, तबला-पेटी एकीकडे करणं कॉलेजच्या पोराला घरबसल्या जमतं. सुटा केलेला आवाज काही वेळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, पण तंत्र दर वर्षी सुधारतं आहे. याचा उपयोग चांगलाही होईल. आकाशवाणीच्या जुन्या फितींवर घरघरीत दबलेले कितीतरी आवाज मोकळे होऊ शकतील. आणि झंकारवाल्यांना तर रानच मोकळं मिळेल! आजवर खिचडी फुटत नव्हती, म्हणून मूळ वाद्यमेळ निदान खाली शाबूत राहायचा. आता तो सबंध उचलून फेकता येतो. २०२४ मध्ये खुद्द रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने नव्याने घडवले. त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदलाही दिला, हे खरं. सगळेच तसं करतील याची हमी कोण देणार?

वेष्टनावरचं नाव

आपला कायदा याबाबत अगदीच मुका नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन पूर्वी मूळ गाण्यानंतर दोनच वर्षांनी दुसऱ्या गायकाकडून तेच गाणं गाऊन घेता येई. जुन्या गाण्यांच्या स्वस्त कॅसेटी त्यातूनच बाजारात आल्या. २०१२च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षं केली, मालकाच्या संमतीशिवाय शब्द-चालीत बदल करायला मनाई केली आणि ही मूळ नव्हे, दुसरी आवृत्ती आहे हे वेष्टनावर स्पष्ट छापण्याची अट घातली. कलावंताचं नाव देण्याचा हक्कही त्याच दुरुस्तीने मान्य केला. पण मालक असलेली कंपनी स्वतःच रिमिक्स काढते, तेव्हा परवानगी मागायची कुणाकडे? आणि गाणं ‘लोकगीत’ आहे असं एकदा म्हटलं की त्याला कुणी मालक आहे असंच वाटत नाही.

‘रिव्हॉल्वर’च्या १९६६च्या वेष्टनावर एक नाव वाचून मराठी माणूस चमकेल : अनिल भागवत. ‘लव्ह यू टू’ या गाण्यात त्यांनी तबला वाजवला आहे. बाहेरून बोलावलेल्या वादकाचं नाव छापायची तेव्हा पद्धत नव्हती, तरी ते छापलं गेलं. म्हणून २०२२चं नवं मिश्रण ऐकणाऱ्यालाही तो तबला कुणाचा, हे ठाऊक असतं.

‘गेंदा फूल’ या नावाने २०२० मध्ये आणखी एक गाणं आलं, रॅपर बादशाहचं. ‘दिल्ली-६’शी त्याचा संबंध नाही. त्यातल्या बंगाली ओळी वीरभूम जिल्ह्यातल्या रतन कहार यांच्या ‘बोरोलोकेर बिटी लो’ या गाण्यातल्या होत्या. गाणं आलं तेव्हा त्यात त्यांचं नाव नव्हतं. लोकांनी गिल्ला केला, बादशाहने पाच लाख रुपये पाठवले आणि २०२४ मध्ये रतन कहार यांना पद्मश्री मिळाली. एका रिमिक्समुळे म्हातारपणी का होईना, एका गायकाचं नाव देशाला कळलं. पण ते कळलं गिल्ला झाला म्हणून.

रायपूरच्या जोशी भगिनींसाठी एवढा गलबला झाला नाही. मोबाइलवर ‘गेंदा फूल’ एवढंच टाकलं तर बादशाह आणि ‘दिल्ली-६’ पुढे येतात. त्याऐवजी ‘सास गारी देवे’ आणि सोबत ‘जोशी बहनें’ असं टाकून शोधा. जुनं ध्वनिमुद्रण सापडेल, थोडं खरखरतं असेल. आधी ते ऐका, मग चित्रपटातलं. आवाज दोन्हींचा सारखा ठेवा.